खळ्यातून शौचालयाकडे

सकाळचे आठ वाजलेले असतात. शेणाने सारवलेल्या खळ्यात अडीच वर्षांचा मुलगा नुसता सदरा घालून हिंडत असतो. आई चुलीवरची पेज उतरवते, त्याला न्हाणीशेजारच्या शौचालयात नेऊन बसवते. दहा मिनिटे तो बसतो. काहीही होत नाही. बाहेर आल्याबरोबर मात्र तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, माडाच्या आळ्यात तो उभ्याउभ्याच धार सोडतो. पडवीतली आजी हसते आणि म्हणते, ‘झील तो, करूं दे.’ आईला हसू येत नाही. जूनमध्ये मुलाला अंगणवाडीत घालायचे आहे, आणि शेजारची त्याच्याच वयाची मुलगी केव्हाच चड्डी कोरडी ठेवू लागली आहे.

कुडाळजवळच्या पिंगुळीत, किंबहुना मालवणपर्यंतच्या कोणत्याही गावात, हे दृश्य अपरिचित नाही. त्यात आई थोडी बरोबर आहे, आजीही थोडी बरोबर आहे. आणि दोघींचेही जेथे चुकते, तेथे त्याचा त्रास त्या लहानग्याला होतो.

प्रथम शेजारच्या मुलीशी होणारी तुलना बाजूला ठेवावी. मुलगे या बाबतीत मुलींच्या मागे असतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हाही हा फरक दिसला होता. पुढे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील दुसऱ्या एका पाहणीत, दिवसा कोरडे राहण्याचे मधले वय मुलींमध्ये साडेबत्तीस महिने, तर मुलग्यांमध्ये पस्तीस महिने आढळले. मधले वय याचा अर्थ असा की, निम्मे मुलगे त्याहूनही उशिरा शिकले. म्हणजे तिसरा वाढदिवस जवळ आला आणि मुलगा अजून अधूनमधून चड्डी ओली करतो, यात काही बिघाड नाही. तो आळशी नाही, हट्टी नाही आणि आईच्या वळणातही काही कमी पडलेले नाही.

‘पण आमच्या वेळी तर वर्षाच्या आतच मुले सांगायची’ असे आजी म्हणते, आणि ते अगदीच खोटे नसते. पाय लांब करून बसायचे, तान्ह्याला दोन्ही पावलांवर टेकवायचे आणि ‘शू शू’ असा आवाज काढायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्या आवाजाची आणि बसण्याच्या त्या ढंगाची बाळाला सवय लागते आणि लंगोट वाचतात. रीत चांगली आहे. ती सोडण्याचे कारण नाही. मात्र त्या वयात खरे लक्ष ठेवलेले असते ते आजीने, बाळाने नव्हे. लघवी लागल्याची जाणीव होणे, ती थोडा वेळ धरून ठेवणे, शौचालयापर्यंत चालत जाणे, चड्डी खाली करणे आणि मग स्नायू मुद्दाम सैल सोडणे, एवढ्या पायऱ्या जुळून येण्यासाठी मेंदू, मज्जातंतू आणि स्नायू यांची पुरेशी वाढ व्हावी लागते. ही तयारी साधारण दीड वर्षानंतर हळूहळू दिसू लागते. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे लहानसा कपभरच लघवी मावते. त्याला ‘थांब रे, हातातले काम संपवते’ असे सांगण्यात अर्थ नसतो.

तयारी झाली की नाही हे वयापेक्षा वागण्यातून कळते. मुलगा सलग दीड-दोन तास कोरडा राहतो का? ‘चप्पल आण आणि इथे ठेव’ एवढी दुहेरी सूचना त्याला कळते का? ओल्या चड्डीची त्याला किळस वाटते का? शी लागली की तो दाराआड किंवा माच्याखाली जाऊन बसतो का? हे लपणे पाहून पुष्कळ आया रागावतात. वास्तविक त्याला आतून काहीतरी कळू लागले आहे, हेच तो त्यातून सांगत असतो.

आता आजीच्या ‘करूं दे’कडे वळू. मुलीला आडोसा शिकवायचा आणि मुलग्याला मात्र माडाचे आळे, कुंपण, रस्त्याची कड सारे मोकळे, हा भेद घरात दुसऱ्या वर्षापासूनच रुजतो. भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा प्रौढ पुरुष एका दिवसात घडत नाही. २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातील जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग पहिला आला होता. त्या जिल्ह्यातील घरांत शौचालय आहे. पण घरातील सर्वांत धाकट्या पुरुषाला ते आपले वाटत नाही, ही विसंगती आहे.

लघवीपेक्षा शीचा प्रश्न गंभीर आहे. ‘लहान मुलाची शी, तिचे काय एवढे!’ असे म्हणून ती परसात किंवा पाणंदीच्या कडेला टाकली जाते. प्रत्यक्षात लहान मुलांना जंत आणि हगवणीचे आजार अधिक होतात, म्हणून त्यांच्या विष्ठेतील रोगजंतू मोठ्यांच्या विष्ठेपेक्षा कमी धोक्याचे मुळीच नसतात. त्यात आपल्याकडची जमीन जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो. तीन हजार मिलिमीटरच्या घरात कोसळणारा पाऊस त्यातून झरझर मुरतो आणि परसातल्या विहिरीला जाऊन मिळतो. तेव्हा पॉटीत, दुपट्यावर किंवा खळ्यात झालेली प्रत्येक शी शौचालयातच टाकावी, त्यानंतर मुलाचे आणि स्वतःचेही हात साबणाने धुवावेत. पुढच्या साऱ्या शिकवणीचा हा पाया आहे. ‘शीची जागा ती’ हे मुलगा पाहून शिकतो.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी, हाही कोकणात विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मृगापासून श्रावणापर्यंत कपडे वाळत नाहीत, जमिनी निसरड्या होतात आणि पाचवी ओली चड्डी हातात आली की भल्या आईचाही तोल जातो. दिवाळीनंतरचे कोरडे महिने सोयीचे. घरात नवे बाळ आलेले असताना, मुलगा आजारी असताना किंवा गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असताना आरंभ करू नये. चाकरमानी वडील चतुर्थीला आठ दिवसांच्या रजेवर येतात आणि ‘मी जाईपर्यंत याला शिकवूनच टाकतो’ म्हणतात. त्यांच्या उत्साहाचे कौतुक करावे आणि मुलाला मात्र त्यातून सोडवावे.

पहिली अडचण भीतीची असते. आपल्या भारतीय पद्धतीच्या शौचकूपातील पावले ठेवण्याच्या जागा मोठ्या माणसाच्या मापाच्या असतात. दोन वर्षांच्या मुलाचे पाय त्यांवर फाकतात, समोर काळे भोक दिसते, आणि आपण आत पडू असे त्याला खरोखरच वाटते. त्याला प्लास्टिकची लहान पॉटी द्यावी, ती प्रथम पडवीत ठेवावी, कपड्यांसकट बसू द्यावे. मग न्हाणीत आणि अखेर शौचालयात न्यावी. कमोड असेल तर त्यावर लहान बैठक आणि पायांखाली पाट हवाच. पाय अधांतरी लोंबकळत असतील तर पोटाचा जोर नीट लागत नाही. पाणी ओतण्याच्या किंवा फ्लशच्या आवाजाला घाबरणारा मुलगा बाहेर गेल्यावरच पाणी सोडावे.

काय होणार आहे, हे त्याला आधी सांगावे. आणि सांगण्याची कला तर पिंगुळीच्या मातीतलीच आहे. येथील ठाकर समाजाने चित्रकथी जपली. एकेक चित्र पुढे धरायचे आणि गात, बोलत गोष्ट पुढे न्यायची, अशी ही परंपरा. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. घरी एवढ्या कौशल्याची गरज नाही. पाटीवर चार चित्रे पुरतात: पोट दुखणारा बाळू, धावणारा बाळू, बसलेला बाळू, हात धुणारा बाळू. एकाच गोष्टीची शंभरदा मागणी करणे हा या वयाचा स्वभाव आहे, त्याचा येथे उपयोगच होतो.

बसवण्याची वेळ शरीराकडून घ्यावी. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून सकाळची पेज किंवा दुपारचे जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत बसवल्यास यश येण्याचा संभव अधिक. पाच मिनिटे पुरेत. झाले तर ‘छान!’ म्हणावे, न झाल्यास काहीच न बोलता उठवावे. हातात मोबाइल देऊन वीस मिनिटे बसवून ठेवले तर मुलगा मोबाइल पाहायला शिकतो.

मुलग्याला आरंभी लघवीसाठीही बसूनच शिकवावे. बसल्यावर ओटीपोटाचे स्नायू सैल पडतात, मूत्राशय पूर्ण रिकामे होते आणि शी आलीच तर तीही त्याच जागी होते. धार पुढे उडते, म्हणून किंचित पुढे वाकायला आणि हाताने टोक खाली धरायला सांगावे. उभे राहण्याची पायरी नंतरची. ती वडील, आजोबा किंवा मामा यांना पाहून तो सहज उचलतो. नोकरीसाठी मुंबई-गोव्यात असलेल्या वडिलांच्या जागी आजोबांनी हे काम अंगावर घेतले तर फार बरे. हे केवळ आईचेच काम का मानावे, हे मला कधीच उमगलेले नाही.

मुलग्यांसंबंधी आणखी दोन सूचना. चेनची पँट या वयात नको; कातडी चेनमध्ये अडकण्याचे प्रसंग घडतात. इलॅस्टिकची चड्डीच बरी. आणि कमोडसमोर उभ्या राहणाऱ्या लहान मुलाच्या अंगावर जड बैठक आदळून इजा होऊ शकते, तेव्हा ती नीट टिकून राहते ना, हे पाहावे. तसेच शिश्नाच्या टोकावरील कातडी या वयात बहुधा मागे जात नाही. स्वच्छतेच्या नावाखाली ती जोराने मागे ओढू नये. बाहेरून पाण्याने धुणे पुरेसे असते.

या साऱ्या प्रकरणातील खरा धोका मात्र बळजबरीत आहे. एकदा शी कडक झाली, बसताना दुखले, वर कोणी ओरडले, तर मुलगा पुढची शी धरून ठेवतो. धरून ठेवलेली शी आतड्यात अधिक सुकते, अधिक मोठी होते, पुढच्या वेळी अधिक दुखते; आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालते. असा मुलगा टाचा उचलून, पाय एकमेकांवर दाबून, लालबुंद चेहऱ्याने कोपऱ्यात उभा राहतो. घरच्यांना वाटते तो जोर करतो आहे. प्रत्यक्षात तो सर्व शक्तीने शी अडवत असतो. पुढे अडकलेल्या मळाच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डीला लागते आणि ‘याला तर जुलाब होताहेत’ किंवा ‘मुद्दाम घाण करतो’ असा आरोप त्याच्या माथी येतो. त्या वेळी त्याला मार, ‘डाग देईन’ अशी धमकी किंवा चारचौघांत फजिती मिळाली, तर रोग वाढवण्याचेच काम होते.

अशा मुलाचे शिक्षण काही आठवडे थांबवावे, हवे तर पुन्हा लंगोट द्यावा आणि आधी पोट साफ होऊ द्यावे. आहाराकडे पाहावे. दिवसभरात अर्ध्या लिटरहून अधिक दूध आणि त्यात बुडवलेली बिस्किटे, हा मलावरोधाचा राजमार्ग आहे. पाणीदार पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पिकलेली पपई, शेवग्याचा किंवा पावसाळ्यात टाकळ्याचा पाला, हे सारे घरचेच. साबणाची सळी किंवा तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ गुदद्वारात घालण्याचा जुना उपाय करू नये. त्याने आग होते, इजा होते आणि भीती दुणावते. एरंडेलही मनाने देऊ नये. मळ मऊ करणारी सौम्य औषधे बालरोगतज्ज्ञ देतात. ती कित्येकदा काही महिने घ्यावी लागतात आणि दोन दिवसांत शी झाली म्हणून बंद केल्यास त्रास उलटतो.

डॉक्टरांकडे लगेच जावे अशीही काही लक्षणे आहेत. मुलग्याची लघवीची धार नेहमीच बारीक किंवा थेंबथेंब असणे, लघवीला जोर करावा लागणे, ताप आणि जळजळ, शीत रक्त दिसणे. जन्मतःच मूत्रमार्गात पडदा असण्याचा एक दोष फक्त मुलग्यांतच आढळतो आणि तो वेळेवर न कळल्यास मूत्रपिंडांना अपाय होतो. म्हणून कमजोर धारेला ‘सवय’ म्हणू नये. पूर्वी नीट कोरडा राहणारा मुलगा एकाएकी वारंवार लघवी करू लागला, सतत पाणी मागू लागला, वजन उतरू लागले, तर रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी.

रात्रीचे अंथरूण हा निराळा विषय आहे. तो दिवसाच्या शिकवणीत मिसळू नये. झोपेत लघवी कमी तयार होणे आणि मूत्राशय भरल्यावर जाग येणे, या गोष्टी शिकवून येत नाहीत, त्या वयानुसार घडतात. पाचव्या वर्षीही शंभरातील सुमारे पंधरा मुले अंथरूण ओले करतात, त्यांत मुलगे जास्त. पाच वर्षांपर्यंत चटईवर मेणकापड घालून स्वस्थ राहावे. ही गोष्ट घराण्यातही चालते. चौथीत जाईपर्यंत या मुलाचा बाप गोधडी भिजवत असे, हे पडवीतल्या त्या आजीला पक्के ठाऊक असते. ती हकीकत तिने नातवाला एकदा जवळ घेऊन सांगावी, बाप घरी असताना सांगितली तर अधिकच उत्तम.