व्हायरस गेला, मग नेट का गेलं?

सबमिशन तोंडावर आलंय. अँटिव्हायरसने ‘ऑल क्लीन’ सांगितलंय, वायफायही फुल्ल आहे, पण एकही साइट उघडत नाही. मंडळी, लगेच ‘फॉरमॅट मारू’ म्हणू नका!

समजा, फुलपाड्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी विरार स्टेशनबाहेर कुणी मुद्दाम उलट्या बाणाची पाटी लावली. त्याला पकडलं तरी पाटी काढावीच लागेल ना? मालवेअरचंही तसंच. तो जातो, त्याने बदललेली सेटिंग्ज राहतात. ‘डीएनएसचेंजर’ने जगभरातल्या सुमारे ४० लाख कम्प्युटर्सची डीएनएस सेटिंग्ज अशीच फिरवली होती. २०११मध्ये टोळी पकडली गेली, पण लोकांचं नेट अचानक बंद पडू नये म्हणून तात्पुरते सर्व्हर चालवावे लागले. ९ जुलै २०१२ला तेही बंद झाले आणि ज्यांनी सेटिंग सुधारलं नव्हतं, त्यांचं नेट गेलं.

मग करायचं काय? विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ बघा. तुम्ही किंवा कॉलेजने न लावलेला प्रॉक्सी चालू असेल, तर बंद करा. डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणा, ब्राउझर रीसेट करा. विंडोजच्या फाइल्स बिघडल्यासारख्या वाटल्या, तर ‘सिस्टम फाइल चेकर’ चालवा. सर्ट-इनच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची टूल्स फुकट आहेत, त्यांनी पुन्हा एकदा स्कॅन करा.

पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ डिव्हाइसवरून बदला. चोरीला गेलेला पासवर्ड स्कॅनने परत येत नाही. एवढं करूनही मालवेअर पुन्हा डोकं वर काढत असेल, तर प्रोजेक्टचा बॅकअप घ्या आणि मगच फॉरमॅट!