पहाटे चारला शेततळ्यात काय घडतं?

तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल, बाजूंना एकास एक उतार. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली तेव्हापासून हे माप मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ झालं. परभणी जिल्ह्यातही कापूस-सोयाबीनच्या काळ्या रानात कागद अंथरलेली अशी चौकोनी तळी दिसतात. हिशेब केला तर एका तळ्यात २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावतं. त्यात कटला, रोहू, मृगळ सोडले की त्याच पाण्यावर दुसरं पीक उभं राहतं. आणि मग दोन-तीन दिवस आभाळ भरून राहतं, वारा पडतो, आणि एका पहाटे सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासताना दिसतात. उन्हं वर येईपर्यंत त्यातले कितीतरी उलटे तरंगतात.

पाणी तर काठोकाठ भरलेलं असतं. मग मासे गुदमरतात कशाने?

पाणी हवेच्या मानाने फार गरीब आहे. आपण श्वासात घेतो त्या एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. पस्तीस पटींचा फरक! त्यातही पाणी जितकं तापेल तितकी त्याची झोळी लहान होते: शून्य अंशाला साडेचौदा मिलिग्रॅमच्या थोडं वर, ३५ अंशाला जेमतेम सात. म्हणजे परभणीच्या वैशाखात तळ्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची ताकदच घटलेली असते, आणि नेमकी तेव्हाच उष्म्यामुळे माशांची भूक आणि श्वासाची गरज वाढलेली असते. कटला-रोहूला सुखाने वाढायला लिटरमागे पाच मिलिग्रॅम लागतो. तो तीनच्या खाली गेला की मासा खाणं टाकतो.

हा ऑक्सिजन आणतं कोण? मुख्यतः शेवाळ. पाण्याला हिरवी झाक देणारे ते सूक्ष्म जीव दिवसभर उन्हात ऑक्सिजन तयार करतात, इतका की भर दुपारी पाण्यात तो मावत नाही. पण सूर्य मावळला की कारखाना बंद होतो. श्वास मात्र शेवाळालाही घ्यावा लागतो, तळाच्या गाळातल्या जिवाणूंनाही. मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं गणित. तळ्यात पाच क्विंटल मासे असले तरी रात्रभरात ते सुमारे एक किलो ऑक्सिजन वापरतील. लिटरमागे सहा मिलिग्रॅम धरले तर तळ्यात संध्याकाळी तेरा किलो असतो. बाकीचा बहुतेक खर्च शेवाळाचा आणि गाळाचा! जे दिवसा देतं तेच रात्री काढून घेतं. म्हणून सर्वांत मोठी टंचाई सूर्य उगवण्याच्या अगदी आधी येते. आदला दिवस ढगाळ गेला असेल तर संध्याकाळची शिल्लकच कमी असते आणि पहाटेपर्यंत ती पुरत नाही.

आता उपाय. बुडबुडे सोडले की काम झालं, असं आपल्याला वाटतं. एक लिटर हवेचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग वहीच्या उघड्या पानांपेक्षाही लहान भरतो. तीच हवा दोन मिलिमीटरच्या बुडबुड्यांत विभागली तर एकूण पृष्ठभाग तीन चौरस मीटर होतो. तरीही बुडबुडा दहा-पंधरा सेकंदांत वर येऊन फुटतो, आणि त्यातला बराचसा ऑक्सिजन तसाच हवेत परत जातो. बुडबुड्यांचं मोठं काम वेगळंच आहे: ते वर येताना तळाचं पाणी सोबत उचलतात. स्थिर पाण्यात वरचा केसाइतका पातळ थर ऑक्सिजनने तृप्त होऊन बसतो आणि तो खाली पोचू देत नाही. तो थर सारखा मोडत राहिला, खालचं उपाशी पाणी हवेला भेटत राहिलं, की वरची सगळी हवा फुकट कामाला लागते.

हे कळलं की घरगुती यंत्रणा सोपी होते. मत्स्यालयाचा पंप इथे चालत नाही, कारण तीन मीटर खोल हवा ढकलायला लागणारा दाब त्याच्याकडे नसतो. त्यापेक्षा तळ्यावरची मोटारच वापरा. दोन इंची पीव्हीसी पाइपला खालच्या बाजूने पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडा, टोकाला एंड कॅप लावा आणि पाइप पाण्यापासून हातभर उंच आडवा बांधा. पाणी तळ्यातलंच, पडतंही तळ्यातच. धारा कागदावर न पडता पाण्यात पडतील इतकं बघा.

आणखी एक वस्तू तुमच्या ठिबक संचात आधीच असेल: व्हेंच्युरी. १७९७ साली इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंच्युरीने लिहिलं होतं की नळी अरुंद झाली की तिथे पाण्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. त्या घटलेल्या दाबावरच ती खताचं पाणी ओढते. तिची बारीक नळी खताच्या टाकीतून काढून मोकळ्या हवेत ठेवा, ती हवा ओढू लागेल आणि पाण्यासोबत दुधाळ बुडबुडे तळ्यात जातील. बाहेर पडणारं तोंड हात-दीड हातच खोल ठेवा. जास्त खोल गेलं की ओढ मरते.

मोटारीचं सक्शन गाळाच्या बरंच वर टांगा. महिनोन्महिने न हललेला तळ एकदम ढवळला तर तिथला विषारी वायू आणि ऑक्सिजन संपलेलं पाणी वर येऊन मासे मरू शकतात, म्हणून पहिले काही दिवस थोडा थोडाच वेळ चालवा. पाण्याजवळची वीज आहे, अर्थिंग आणि गळती झाल्यावर बंद पडणारा स्विच यात काटकसर नको. आभाळ भरून आलं की त्या दिवशी खाद्य टाकू नका, आणि मासे वर येण्याची वाट न पाहता रात्री दोनपासून उन्हं पडेपर्यंत पाणी फिरवत ठेवा.