घर चाकांवर, नजर काट्यांवर

रायपूरहून जगदलपूरला निघालात की कांकेर सोडेपर्यंत रस्ता फारसा त्रास देत नाही. खरी परीक्षा पुढे, केशकालच्या घाटात. बारा मोठी वळणे, पुढे रांगत चढणारा मालट्रक, मागे घाईत असलेली बस, आणि आपण निघालो आहोत अख्खे घर घेऊन. पलंग, ओटा, गॅस, जादा बॅटऱ्या, शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो पाणी, शिवाय आजी-आजोबा आणि नातवंडे. मोटरहोमचे डिझेल इंजिन हा सगळा संसार ओढत असते. समोरच्या पट्टीवर तापमानाचा काटा मात्र शांतपणे मधोमध उभा असतो.

या काट्यावर फार विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच तसा बनवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०० वर, काटा जागचा हलत नाही. चालकाला उगाच धास्ती वाटू नये हा हेतू. पण तो हलेपर्यंत वेळ बरीच निघून गेलेली असते. ऑइलच्या लाल दिव्याचेही तेच. तो साधारणपणे दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरला की पेटतो. हमरस्त्यावर हाच दाब तीन-चार बार असतो. मधल्या घसरणीची खबर दिवा देत नाही.

म्हणूनच हौशी मंडळी मोटरहोममध्ये वेगळे मीटर बसवून घेतात. माझ्या मते त्यांत सर्वांत मोलाचा मीटर म्हणजे एक्झॉस्टच्या तापमानाचा. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापला आहे, हे तो काही सेकंदांत सांगतो. पाण्याचे तापमान वाढायला त्यामानाने कितीतरी वेळ लागतो. डिझेल इंजिनात ताकद वाढते ती जास्त इंधन फवारल्याने. इंधन वाढले आणि त्या मानाने हवा मिळाली नाही, की धूर तापतो. टर्बोच्या आधी बसवलेल्या सेन्सरवर ७०० अंश सेल्सियसचा आकडा बराच वेळ टिकत असेल, तर पाय हलका करण्याची वेळ आली असे समजतात. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्यातले शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. धूर झोताझोताने येतो आणि पिस्टनला ऑइलचा गारवा मिळतो, म्हणून तो लगेच वितळत नाही इतकेच.

घाटात हा मीटर गाडी चालवायला शिकवतो. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून इंजिन कण्हत ठेवले, तर आकडा झरझर चढतो. एक गिअर खाली आणा. आवाज वाढतो, मागे बसलेल्या आजी दचकतातही, पण टर्बो जास्त हवा देतो, पाण्याचा पंप जोरात फिरतो आणि आकडा खाली येऊ लागतो. मोठा आवाज म्हणजे इंजिनाचे हाल, हा आपल्याकडचा गैरसमज हा मीटर काही मिनिटांत घालवतो. चढ संपल्यावर चहाला थांबलात, तर आकडा २०० च्या आसपास येईपर्यंत इंजिन चालू राहू द्यावे. सहसा दोनेक मिनिटे पुरतात. तापलेल्या टर्बोत ऑइलचा प्रवाह एकदम थांबला, तर ते तिथेच जळून चिकटते.

दुसरा मीटर टर्बोच्या दाबाचा. रायपूरकरांना याचा खास उपयोग. उरला-सिलतराच्या बाजूने रोज ये-जा करणाऱ्यांना गाडीवर बसणारी काळपट धूळ ठाऊक आहे. हीच धूळ एअर फिल्टरमध्येही जाते. नवतपाच्या उन्हात आधीच हवा विरळ, त्यात फिल्टर तुंबलेला. नेहमीच्याच चढावर टर्बोचा दाब कमी आणि धुराचे तापमान जास्त दिसले, तर आधी फिल्टर पाहावा, मग टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप फाटला आहे का ते. शंभरातल्या किती गाड्या याच दोन कारणांनी ‘दम देत नाहीत’, ते टाटीबंधच्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा.

मात्र मीटर बसवल्याबरोबर त्याचा उपयोग सुरू होत नाही. आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा आधी माहीत हवा. सपाट रस्त्यावर ताशी ७० किलोमीटरने जाताना किती, ओळखीच्या चढावर किती, दुपारी किती, पहाटे किती. पहिल्या दोन-तीन सहलींत हे वहीत लिहून ठेवावे. चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्याने. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे काम फार आवडते. पुढे कधी त्याच रस्त्यावर चाळीस-पन्नास अंशांचा फरक दिसला, तर धोक्याची रेषा दूर असली तरी गाडी काहीतरी सांगते आहे.

गाडी बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर बहुधा छिद्र पाडायची गरजच नाही. धुराच्या तापमानाचे सेन्सर तिच्यात सहसा असतातच. ओबीडी सॉकेटला छोटा ॲडॉप्टर लावला की मोबाइलवर बरेच आकडे दिसतात. अशा गाडीचा काजळीचा फिल्टर मधूनच स्वतःला साफ करतो, तेव्हा तापमान ६०० च्या घरात जाते. त्याने घाबरू नये, फक्त त्या वेळी वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये. जुन्या गाडीत सेन्सरसाठी मॅनिफोल्डला छिद्र पाडावे लागते. मॅनिफोल्ड उतरवूनच ते करून घ्या, कारण धातूचा एखादा कण टर्बोत गेला तर पाती गेलीच. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी लेखी विचारून घ्यावे.

आणि ऑइलच्या दाबाचा मीटर घेताना विजेच्या सेन्सरचाच घ्या. जुन्या पद्धतीत इंजिनातले गरम ऑइल बारीक नळीने थेट केबिनमधल्या मीटरपर्यंत आणतात. ती नळी फुटली तर उकळते ऑइल पुढे बसलेल्यांच्या पायांवर येते.