झाड कोणाच्या हद्दीत, तसा त्याचा कायदा

शेताच्या बांधावरचा निंब आणि अमळनेर-चोपड्याच्या बाजारपेठेतला निंब दिसायला सारखाच. कायद्याच्या नजरेत मात्र दोघांत मोठा फरक आहे. तो ठाऊक नसला की कुणी विनाकारण कचाट्यात सापडतो, तर कुठं जुनं सावलीचं झाड एका रात्रीत आडवं होतं आणि सकाळी सगळे नुसते हळहळतात.

आधी शेतातलं पाहू. खासगी जमिनीतल्या झाडांसाठी १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायदा आहे. त्याच्या यादीत साग, खैर, चंदन, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन ही झाडं येतात. सातबारा तुमचा असला तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. लाकडाचा व्यापारी म्हणेल, "कागदाचं आम्ही बघतो, तुम्ही पैसे मोजून घ्या." फसू नका. परवानगी हातात पडल्याशिवाय करवत लावू देऊ नका. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल भागात आणखी एक ध्यानात ठेवा: आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे. तो सौदा परस्पर होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं.

आता गोम इथं आहे. निंब, वड, पिंपळ १९६४ च्या यादीत नाहीत. म्हणजे वैशाखात ज्यांच्या सावलीला माणसं नि ढोरं बसतात, त्यांनाच खेड्यात संरक्षण कमी. सरपंच-ग्रामसेवकांनी म्हणूनच गावठाणातल्या आणि रस्त्याकडेच्या झाडांची नोंद करून ठेवावी, ग्रामसभेत ठराव घ्यावा. सरकारी जागेतलं झाड सरकारचं असतं. ते कुणी परस्पर नेलं तर महसूल कायद्यानं त्याची किंमत नि दंड वसूल करता येतो. पण नोंदच नसेल तर दाखवणार काय?

शहराची हद्द लागली की चित्र पालटतं. तिथं १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. त्यात जातींची यादी नाही. बाभूळ असो की वड, परवानगी हवीच. अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्यानं झाड स्वतः पाहायचं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि झाडावरही नोटीस लावायची. निर्णय ६० दिवसांत व्हावा. परवानगी मिळाली तरी पुढचे १५ दिवस कुऱ्हाड चालत नाही. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणंही बंधनकारक आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावून ती सात वर्षं जगवायची, असंही त्यात आहे.

कायदा चांगला आहे, पण तो आपणहून झाडाखाली येऊन उभा राहत नाही. वाळलेलं, पडायला आलेलं झाड तोडावंच लागतं. त्याला कुणाची ना नाही. पण हिरव्या झाडावर नोटीस दिसली तर वाचा, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. नोटीस नसताना करवत चालू दिसली, तर परवानगीचा कागद मागा. तो दाखवला नाही, तर लगेच नगरपालिकेत कळवा. झाड पडल्यावर केलेल्या अर्जानं सावली परत येत नाही.