हत्ती दारी झुलवण्यापूर्वी

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. बंगळूर येथील आमच्या शाखेत एक तरुण संगणक अभियंता आपल्या सेवानिवृत्त वडिलांसह आला. त्याला एक जुनी जर्मन स्पोर्ट्स कार घ्यायची होती. वडिलांच्या मुदत ठेवीच्या तारणावर कर्ज मिळावे, असा त्याचा प्रस्ताव होता. "साहेब, मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळते आहे," तो उत्साहाने सांगत होता. वडील मात्र गप्प होते. ती ठेव म्हणजे त्यांची निवृत्तीची पुंजी होती.

ठेवीवरील कर्ज बँकेच्या दृष्टीने अत्यंत सुरक्षित असते. कागदपत्रांतही काही उणे नव्हते. तरीही मी विचारले, "उद्या गाडी बिघडली, तर दुरुस्तीला किती लागतील?" याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते. चार दिवसांनी पुन्हा भेटायचे ठरले आणि त्या अवधीत मी या विषयाचा जमेल तसा अभ्यास केला. वाचकांनाही तो उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयाचा धडा म्हणून शोभावे असे उदाहरण म्हणजे पोर्शे ९११ या गाडीची '९९६' ही पिढी. १९९७ साली ती लोकांसमोर आली. तोवरच्या ९११ गाड्यांचे इंजिन हवेने थंड होत असे. या पिढीत प्रथमच पाण्याने थंड होणारे इंजिन आले. त्याआधीची काही वर्षे कंपनी आर्थिक अडचणीत होती. त्यामुळे 'बॉक्स्टर' या स्वस्त गाडीचे अनेक भाग ९११ लाही वापरण्यात आले. कंपनी सावरली, परंतु इंजिनातील एक दोषही दोन्ही गाड्यांच्या वाट्याला आला.

क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे पोहोचविणारा एक मधला दांडा या इंजिनात असतो. त्याचे एक टोक छोट्या बंदिस्त बेअरिंगवर फिरते. कालांतराने बेअरिंगचे सील निकामी होते, आतील ग्रीस धुऊन जाते आणि बेअरिंग झिजू लागते. ते तुटले, की दांडा जागा सोडतो, झडपा पिस्टनवर आदळतात आणि क्षणार्धात संपूर्ण इंजिन निकामी होते. ऑइल फिल्टरमध्ये सापडणारे धातूचे कण, एवढीच काय ती पूर्वसूचना. अमेरिकेत या प्रश्नावर ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला आणि २०१३ साली तडजोड झाली. २००१ ते २००५ या काळात बनलेल्या गाड्यांचा त्यात समावेश होता. त्या काळातील एकेरी बेअरिंग बिघडण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के असल्याचे त्या निमित्ताने पुढे आले. शंभरातील आठ कर्जे बुडीत जाण्याची शक्यता असेल, तर कोणता बँक अधिकारी निश्चिंत झोपेल?

इतर दुखणीही आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधील सीलमधून तेल गळते. पुढच्या बंपरमागील रेडिएटरपाशी पालापाचोळा साचतो, ओल धरतो आणि रेडिएटर व वातानुकूलनाचा कंडेन्सर दोन्ही गंजतात. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तडे जातात. काही इंजिनांत सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडतात. तेल अधिक जळू लागते आणि एका बाजूच्या धुराड्यावर काजळी धरते.

आता हिशोब पाहू. १९९९ साली ही गाडी अमेरिकेत सुमारे ६५ हजार डॉलरना मिळत असे. पुढे पंधराएक वर्षांनी तीच गाडी वीस हजारांच्या आसपास मिळू लागली. पण बेअरिंग बदलायचे, तर गिअरबॉक्स व क्लच उतरवावे लागतात. क्लच आणि सील त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे असल्याने हे काम साधारण तीन हजारांवर जाते. रेडिएटर, पाण्याचा पंप व टाकी यांना आणखी दोन हजार धरावेत. आणि इंजिनच गेले, तर पंधरा-वीस हजार, म्हणजे जवळजवळ गाडीचीच किंमत. 'चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला' ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही.

यातील मर्म असे, की घसारा गाडीच्या किमतीला लागतो, सुट्या भागांच्या किमतीला आणि कुशल कारागिराच्या मजुरीला लागत नाही. गाडी तिसऱ्या हिश्श्यात मिळाली, तरी दुरुस्ती पूर्ण किमतीच्या गाडीचीच करावी लागते. आपल्या देशात तर अशा गाड्यांचे भाग बहुधा परदेशातूनच मागवावे लागतात.

याचा अर्थ अशी गाडी घेऊच नये, असा नाही. ९९६ चे अनेक मालक वेळीच बेअरिंग बदलून, नियमित तेल बदलून वर्षानुवर्षे ती आनंदाने चालवीत आहेत. मात्र खरेदीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. देखभालीच्या सर्व पावत्या मागाव्यात. आपल्या पसंतीच्या जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. त्यात ऑइल फिल्टर उघडून पाहणे आणि दुर्बिणीने सिलिंडरची आतील भिंत तपासणे आलेच. आणि वरील हिशोब लक्षात घेता, किमतीचा किमान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा राखून ठेवावा. तो राखणे जमत नसेल, तर गाडी आपल्याला परवडत नाही, असे समजावे.

चार दिवसांनी पितापुत्र आले, तेव्हा हे सारे मी त्यांच्यापुढे मांडले. मुलाने विक्रेत्याकडे तपासणीची मागणी केली. "घ्यायची तर अशीच घ्या," असे उत्तर मिळाले. त्याने अर्ज मागे घेतला. चेहरा उतरला होता, हे नाकारत नाही.

पुढच्याच महिन्यात तो एकटाच शाखेत आला आणि स्वतःच्या पगारातून आवर्ती ठेव उघडून गेला. "साहेब, गाडी घेणार हे नक्की. पण आधी मसाल्याची सोय करतो," तो हसत म्हणाला. वडिलांची मुदत ठेव अद्याप आमच्याच शाखेत, कोणत्याही बोजाविना सुरक्षित आहे.