लसीचे कार्ड : मुलाचे पहिले पासबुक

जून महिना जवळ आला की घराघरांत शाळाप्रवेशाची लगबग सुरू होते. जन्माचा दाखला, आधार कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, फोटो अशी कागदांची जुळवाजुळव करताना आईवडिलांची दमछाक होते. पुष्कळ शाळा, विशेषतः बालवाड्या आणि खाजगी शाळा, यांत आणखी एक कागद मागतात. तो म्हणजे मुलाच्या लसीकरणाचे कार्ड. हे कार्ड कशासाठी, ते नसेल तर काय करावे, आणि त्यातली कोणती नोंद बहुतेक घरांत कोरीच राहते, याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले. मी डॉक्टर नाही, बँकेतला साधा कारकून आहे. पण या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

आमची धाकटी मुलगी पहिलीत जाणार होती. शाळेने कार्ड मागितले आणि आमची शोधाशोध सुरू झाली. घर बदलताना ते कुठे गेले ते कळेना. शेवटी जिथे तिला लसी दिल्या होत्या त्या दवाखान्यात गेलो. तेथील सिस्टरांनी जुनी नोंदवही काढली, बोट फिरवीत पाहिले आणि म्हणाल्या, "साहेब, दीड वर्षानंतर तुम्ही आलातच नाहीत. पाच वर्षांचा त्रिगुणीचा डोस राहिलाय." दिवसभर लोकांना पासबुक भरून देणारा मी, आणि माझ्या मुलीचे पासबुक अपुरे! त्या दिवशी शरमेने मान खाली गेली.

आधी कायद्याची बाजू पाहू. शाळाप्रवेशासाठी लसीकरण सक्तीचे करणारा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही. इंग्रजांच्या काळात १८८० च्या कायद्याने काही भागांत देवीची लस लहान मुलांना सक्तीची केली होती. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर दिसणारे वण त्याच देवीच्या लसीचे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त जाहीर झाले. आज शासन लसी मोफत देते, समजावून सांगते, घरापर्यंत आशाताईंना पाठवते, परंतु प्रवेशासाठी सक्ती करीत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ तर असे सांगतो की वयाचा पुरावा नाही म्हणूनही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून कार्ड हरवले या भीतीने कोणीही आपले मूल घरी बसवू नये. प्रवेश आधी घ्यावा आणि राहिलेली लस लगेच टोचून घ्यावी.

मग सक्ती नाही तर काळजी कशाला, असे कोणी विचारील. वर्गाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. एका बाकावर तिघेजण, एकच खोली, पाच-सहा तासांची सोबत. गोवरासारखा रोग हवेतून पसरतो. लस न घेतलेल्या मुलांत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली आणि कोवळी बालके दगावली. दाट वस्त्यांत आपलीच माणसे राहतात, हे आपण विसरता कामा नये. शिवाय काही मुलांना आजारपणामुळे, उदाहरणार्थ कर्करोगाच्या उपचारामुळे, गोवराची लस देता येत नाही. त्यांचे रक्षण शेजारच्या बाकावरच्या मुलाने घेतलेली लसच करते.

आता कार्डातल्या नोंदी पाहू. जन्मल्याबरोबर बीसीजी, हिपॅटायटिस-बी आणि पोलिओचा पहिला डोस. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट लस. हिच्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी आणि हिब या पाचांविरुद्धचे संरक्षण असते. तिच्या सोबत तोंडी पोलिओ आणि रोटाव्हायरसचे डोस, आणि दीड व साडेतीन महिन्यांना पोलिओ व न्यूमोनियाविरोधी इंजेक्शने. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोनियाविरोधी बूस्टर, पोलिओचे तिसरे इंजेक्शन आणि 'अ' जीवनसत्त्व. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, पोलिओचा बूस्टर आणि त्रिगुणीचा पहिला बूस्टर. काही निवडक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लसही असते.

येथपर्यंत बहुतेक आया नेमाने येतात. मूल चालू-बोलू लागते आणि कार्ड ट्रंकेत जाते. मधली तीन वर्षे त्याची कोणालाच आठवण राहत नाही. आणि नेमका पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणीचा दुसरा बूस्टर चुकतो. घटसर्प आणि डांग्या खोकला यांच्याविरुद्धची शक्ती वर्षांगणिक कमी होत जाते. बूस्टर म्हणजे त्या घटत चाललेल्या शिलकेत घातलेली भर. मूल गर्दीत, म्हणजे शाळेत, पाऊल टाकते त्याच वयाला ही भर घालण्याचे वेळापत्रक आहे. त्रिगुणी लस सात वर्षांपर्यंतच देतात. त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची टीडी लस आहे, पण तिच्यात डांग्या खोकल्याविरुद्धचा भाग नसतो. म्हणून पहिलीचा प्रवेश हीच आठवणीची वेळ समजावी.

एखादा डोस राहिला असेल तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. घेतलेले डोस जमेस धरून पुढचे घ्यायचे असतात. गोवर-रुबेलाचे राहिलेले डोसही पाच वर्षांपर्यंत शासकीय केंद्रात मिळतात. साधी सर्दी किंवा थोडी कणकण असली म्हणून लस टाळण्याचे कारण नाही. त्रिगुणीनंतर एखादा दिवस ताप येतो, सुई टोचलेली जागा दुखते. त्याने घाबरून जाऊ नये. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे, आणि आधीच्या डोसाने काही गंभीर त्रास झाला असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा.

ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गावोगाव फिरणाऱ्या आपल्या बांधवांची अडचण वेगळी असते. कार्ड एका गावात आणि मूल दुसऱ्या. त्यांनी कार्ड सोबतच ठेवावे. कोणत्याही शासकीय दवाखान्यात, उपकेंद्रात किंवा अंगणवाडीच्या लसीकरण सत्रात लस मोफत मिळते. तुम्ही कोणत्या गावचे, हा प्रश्न तेथे आड येत नाही. कार्ड हरवलेच तर जुन्या केंद्राची नोंदवही पाहावी. अलीकडे 'यू-विन' या संगणकीय प्रणालीतही नोंद होते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात शाळेची पायरी चढणारी पहिली पिढी ती आपल्या आईवडिलांची किंवा आपली. शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणारे आपण, मुलाचे पाटी-दप्तर आठवणीने घेतो. त्याच दिवशी ट्रंकेतले ते कार्डही काढा. पाच वर्षांची ओळ कोरी आहे का तेवढे पाहा. आपले पाहून झाले की शेजारच्या घरातलेही पाहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आमच्या मुलीची ओळ सिस्टरांनी त्याच सकाळी भरली. संध्याकाळी तिला थोडा ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी ती दप्तर पाठीला लावून शाळेत गेली.