जुळी करडे आणि मूठभर पेंड

लातूरच्या डाळमिलीतून चुनीचे पोते हमालाच्या पाठीवरून ट्रकमध्ये जाते आणि त्याच हमालाच्या दारातली शेळी कोरडा कडबा चघळीत असते. संघटनेच्या कामासाठी अशा दारांत मी पुष्कळ बसलो आहे. "यंदा एकच करडू झालं, तेही मरतुकडं," ही तक्रार नेहमीची. दोष दैवाला दिला जातो. तो बहुधा चाऱ्याचा असतो.

ही शेळी साधी नव्हे. उस्मानाबादी या काळ्या जातीचे मूळ रान लातूर, उदगीर, तुळजापूरकडचे. (लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले; शेळीने मात्र जुने नाव सोडले नाही!) जुळी करडे देणे हा तिचा लौकिक. मग एकच का?

शेळी काडी स्वतः पचवीत नाही. तिच्या पहिल्या मोठ्या पोटातले असंख्य सूक्ष्म जंतू ती पचवितात. या जंतूंना नत्र हवे, आणि ते मुख्यतः प्रथिनांतून मिळते. चाऱ्यातील प्रथिने शेकडा ७ च्या खाली गेली की जंतूंची उपासमार होते, काडी पोटात पडून राहते, आणि जनावर नवा चारा खाईनासे होते. ज्वारीच्या कडब्यात प्रथिने शेकडा ३ ते ४ च. पोट भरलेले आणि शेळी उपाशी!

हिशेब करून पाहा. किलोभर कडब्यात प्रथिने सुमारे ३५ ग्रॅम. त्यातला १०० ग्रॅम कडबा काढून तितकीच भुईमुगाची पेंड घातली की आकडा ७० च्या वर जातो. चुनीत प्रथिने पेंडीहून कमी, पण कडब्याहून कितीतरी अधिक.

सशाचे तंत्र निराळे. त्याचे जंतू आतड्याच्या शेवटाकडे राहतात, म्हणून तो आपल्याच मऊ लेंड्या पुन्हा खाऊन त्यांतली प्रथिने मिळवितो. तरीही पिलांना पाजणाऱ्या मादीच्या खाद्यात शेकडा १७-१८ प्रथिने लागतातच.

पेंड बारा महिने परवडत नसेल तर वेळ साधावी. बोकड दाखविण्यापूर्वी दोन-तीन आठवडे खुराक वाढविला तर जुळ्यांचा संभव वाढतो. गाभणपण पाच महिन्यांचे; त्यात शेवटच्या दीड महिन्यात करडू झपाट्याने वाढते. तेव्हा खुराक तोडला तर करडू हलके जन्मते आणि आईला दूध कमी येते. दोघांना पाजताना ती स्वतःच्या अंगावरचे मांस झिजविते, आणि पुढचा माज लांबतो.

बुरशी आलेली पेंड मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, ती विषारी असते. पैसाच नसेल तर शेवरीचा पाला, बाभळीच्या शेंगा उपयोगी पडतात. सुबाभूळही चालते, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नको.

मागे एका मिलीत बोनसच्या मागण्यांत आम्ही एक कलम घातले होते : कामगाराला महिन्याला एक पोते चुनी, मिलीच्या भावाने. मालक हसले. बोनसचा निकाल लागला. चुनीचे कलम पुढच्या बैठकीवर गेले, ते अद्याप तिथेच आहे.